उसनं नाक

कनौजच्या बड्या बाजारात दोन व्यापाऱ्यांचं मालावरून वाजलं की अत्तराची शिशी वजाहतमियाँच्या ओट्यावर यायची. दोघांना पांढऱ्या गादीवर बसवून ते आधी पाणी द्यायचे. मग बूच काढून शिशी नाकाशी न नेता नुसती छातीपुढे धरायचे, डोळे अर्धवट मिटायचे आणि सांगायचे, फुलं गंगाकाठची आहेत पण ऊन चढल्यावर तोडली. किंवा, चंदन चांगलं आहे, गुलाब मात्र शिळ्या फुलांचा आहे. त्यावर पुढे कुणी बोलत नसे. गंधींची, म्हणजे अत्तर काढणाऱ्यांची, घरं कनौजात पिढ्यान्‌पिढ्यांची, आणि त्यांतल्या पोरासोरालासुद्धा खऱ्याखोट्या मालाची पारख. तरी वजाहतमियाँच्या नाकाला सगळे मान द्यायचे. त्यांचा हेवा करणारेही द्यायचे.

धाकटा भाऊ इश्तियाक त्यांच्याच हाताखाली वाढला. अब्बा वारले तेव्हा तो एवढासा होता. वजाहतमियाँनी त्याला कडेवर घेऊन कारखान्यात फिरवलं, तांब्याच्या डेगा दाखवल्या, डेगेतली वाफ बांबूच्या नळीतून पलीकडच्या भपक्यात चंदनाच्या तेलावर कशी उतरते ते दाखवलं. डोळे बांधून त्याच्या नाकाशी वाळा, केवडा, मोगरा, हिना धरली. चुकला तर हसले, बरोबर सांगितलं तर गट्ट्याची मिठाई दिली. त्यांना स्वतःला एकच मुलगी, उरूज. त्यामुळे मुलाची सगळी माया इश्तियाकवर गेली, आणि त्यात मुबीनाभाभीचीही भर पडली. पुढे वजाहतमियाँनी माल काढायचा आणि इश्तियाकने तो विकायचा, अशी वाटणी आपोआपच झाली. दिल्ली, हैदराबाद, दुबई, सगळीकडे त्याची ऊठबस. बोलायला गोड आणि दिसायला देखणा होता तो.

उरूजचं लग्न ठरायच्या दोन वर्षं आधी, ऐन गुलाबाच्या हंगामात, वजाहतमियाँ पहाटे मळ्यातून स्कूटरवर परत येत होते. कालव्याच्या पुलाशी एक नीलगाय आडवी आली. फुलांची पोती रस्त्यावर सांडली आणि वजाहतमियाँ डोक्याच्या मागच्या बाजूवर आपटले. कानपूरच्या इस्पितळातून घरी आणलं तेव्हा मुबीनाने उशाशी मोगऱ्याची ओंजळभर फुलं ठेवली होती. वजाहतमियाँनी ती बघितली आणि विचारलं, कागदाची फुलं कुणी आणली? मुबीनाने एक फूल उचलून त्यांच्या नाकाशी धरलं. त्यांनी खोल श्वास घेतला आणि मान हलवली.

कानपूरच्या डॉक्टरने पुढच्या खेपेला स्पष्टच सांगितलं. वासाची नस तुटली आहे, ती आता जुळत नाही. जीव वाचला याचे आभार माना. खारट, आंबट, गोड कळत होतं. बाकी कबाब काय आणि उकडलेला बटाटा काय, तोंडात दोन्ही सारखेच लागत. लोकांना याची कीव आली असती, पण कीव येईल एवढं कुणाला कळूच दिलं नाही. तो सल्ला इश्तियाकचा. पलंगाच्या कडेला बसून, भावाचा हात हातात घेऊन तो म्हणाला, "भाईजान, कुणाला सांगायचं नाही. माझं नाक तुमचंच आहे. तुम्हीच शिकवलंय त्याला. मी वास घेईन, तुम्ही हुकूम करा."

वजाहतमियाँ त्या दिवशी लहान मुलासारखे रडले.

तेव्हापासून रोज सकाळी, बाजार उघडायच्या आधी, दोघे भाऊ दुकानाच्या आतल्या खोलीत समोरासमोर बसू लागले. इश्तियाक शिशी उघडायचा आणि सांगायचा. गुलाब आधी येतोय. त्याच्यामागे मधासारखं काहीतरी आहे. चंदन अजून वर वर आहे, खाली बसलं नाही. वजाहतमियाँ डोळे मिटून ऐकायचे. ऐकता ऐकता त्यांना तो वास जणू आठवायचा, कधी कधी तर घशाशी आल्यासारखा वाटायचा. मग ते सांगायचे, हे अजून महिनाभर कुप्पीत राहू दे, किंवा, पुढच्या घाण्याला जाळ कमी ठेव. भपक्याला हात लावून आत किती उतरलंय ते त्यांना अजून कळायचं. तेवढं काम हातांनी जमत होतं. पण कारखान्यात बसण्यापेक्षा त्यांना सकाळची ती वेळ प्रिय झाली. एकदा ते मुबीनाला म्हणाले, की नाक होतं तेव्हा इश्तियाक माझ्याशी असा कधी बसला नव्हता. गेलं ते एका अर्थी बरंच झालं म्हणायचं. मुबीना चुलीवरची डाळ ढवळत होती. ती ढवळतच राहिली.

मग उरूजचं लग्न झालं, थाटात झालं, आणि सगळा खर्च इश्तियाकने उचलला. दुकान चांगलं चाललं होतं. वजाहतमियाँ गादीवर बसायचे, ओळखीचं गिऱ्हाईक आलं की शिशी छातीपुढे धरून सकाळी ऐकलेले शब्द सांगायचे, आणि गिऱ्हाईक त्यांच्या शब्दावर शिशी घेऊन जायचं. वादाच्या शिश्या मात्र आता ओट्यावर येईनाशा झाल्या होत्या. त्यांना वाटलं, अपघातानंतर लोक आपल्याला त्रास देत नाहीत.

फर्रुखाबादच्या मेहरअफ्रोज बेगम हे त्यांचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक. वकीलसाहेबांची विधवा, वयाने खूप थकलेल्या, पण ताठ बसणाऱ्या. वकीलसाहेब वारले तेव्हा त्यांच्या कफनाला वजाहतमियाँच्या अब्बांच्या हातचा गुलाब लागला होता. तेव्हापासून बेगमनी स्वतःचं कफन शिवून पेटीत ठेवलं होतं, आणि दर हंगामानंतर ताज्या गुलाबाची एक शिशी त्या पेटीत ठेवण्यासाठी घेत. पूर्वी ती शिशी वजाहतमियाँ स्वतः नेऊन देत. अपघातानंतर इश्तियाक कुणाच्या तरी हाती पाठवू लागला. यंदा तो दिल्लीला गेला असताना बेगमचा निरोप आला, वजाहतमियाँना सवड असेल तर एकदा येऊन जावं. ते दुसऱ्याच दिवशी बसने निघाले.

बेगमनी त्यांना पेरूच्या झाडांखाली खुर्ची दिली, सरबत दिलं, उरूजची चौकशी केली. मग आतून शिशी मागवली आणि त्यांच्यापुढे ठेवली.

"जरा वास घेऊन सांगा," त्या म्हणाल्या.

वजाहतमियाँनी बूच काढलं. शिशी छातीपुढे धरली, डोळे अर्धवट मिटले, आणि सवयीने शब्द आले. "फूल पहाटेचं आहे. मागे मध आहे. चंदन खाली छान बसलंय."

 बेगमनी शिशी त्यांच्या हातातून घेतली, बूच लावलं आणि पदराने शिशीची मान पुसली.

"वजाहतमियाँ, माझ्यावर कशावरून राग आहे का तुमचा?"

त्यांना काही कळेना. ते म्हणाले, राग कसला, तुमचं घर तर अब्बांपासून आमच्या ओळखीचं.

"म्हणूनच विचारलं. ओळखीचा माणूस फसवतो तेव्हा त्याच्या मनात काहीतरी राग असतो, असं मी धरून चालले होते. राग नसेल तर मग हे जास्तच वाईट." त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. "मेळ्यात काचेच्या बांगड्यांशेजारी विकतात, ते आहे हे. गेल्या वर्षीचंही तेच होतं, त्याच्या आधीचंही. मी थांबले, म्हटलं हाताखालच्यांची चूक असेल, तुमच्यासमोर आलं की तुम्हीच सांगाल. आज तुम्ही माझ्या तोंडावर सांगितलंत की छान आहे. मुलीला मी सांगून ठेवलंय, मला हे लावू नका. साधा कापूर पुरे."

वजाहतमियाँनी सरबताचा पेला खाली ठेवला. मला वासच येत नाही, हे सांगायला तोंड उघडलं, आणि मिटलं. सांगितलं असतं तर आत्ताच उच्चारलेल्या वाक्याचं काय करायचं होतं? ते सलाम करून उठले.

परतीच्या बसमध्ये आधी त्यांनी बेगमच्या वयाला दोष दिला. नाक गेलं असेल, म्हातारपणी जातं. मग ते स्वतःलाच लागलं. खिडकीबाहेर बटाट्याची शेतं मागे पडत होती आणि त्यांना एकेक गोष्ट आठवत होती. हबीबचाचा, जे शुक्रवारच्या नमाजेला वर्षानुवर्षं त्यांच्या शेजारी उभे राहत, ते हल्ली दोन रांगा मागे उभे राहायचे. समोरच्या दुकानाचा मुख्तार पूर्वी चेष्टेने म्हणायचा, मियाँ, नाक भाड्याने द्या की एक दिवस. तो हल्ली नुसता सलाम करायचा. वादाच्या शिश्या थांबल्या होत्या. दर शुक्रवारी ते आपल्याच दुकानच्या अत्तराचा फाया कानात घालून मशिदीत जात होते, आणि आजूबाजूला सगळे गंधी उभे.

घरी आले तेव्हा दुपार होती. मुबीनाने ताट वाढलं. ते जेवले. मग आत जाऊन त्यांनी पेटीतून अब्बांच्या हातची शेवटची शिशी काढली, जी ईदेलाच काय ती उघडायची, आणि खिशातून दुकानातली नवी शिशी काढली. दोन्ही मुबीनापुढे ठेवल्या. ती जमिनीवर बसून तांदूळ निवडत होती.

"यातली अब्बांची कोणती, ते सांग."

मुबीनाने सुपावरून नजर काढली नाही. ती म्हणाली, दोन्ही चांगल्याच असतील, मला बाईमाणसाला काय कळतंय. गंध्याची मुलगी, गंध्याची बायको. ती आंधळी असती तरी तिने ओळखलं असतं, हे दोघांनाही माहीत होतं.

"मुबीना," वजाहतमियाँ म्हणाले, "मला ऐकू येतं. दिसतंही. फक्त वास येत नाही. तेव्हा तू तोंड फिरवू नकोस, मला दिसतंय."

तेव्हा तिने सूप बाजूला ठेवलं. ती रडली नाही. बहुधा ते रडून आधीच संपलं होतं. तिने सांगितलं ते असं. अपघातानंतरच्या दुसऱ्या हंगामात धुवायला टाकलेल्या त्यांच्या कुडत्याला तिला वेगळाच वास आला, डोक्यात जाणारा. तिने इश्तियाकला विचारलं. त्याने तिचे पाय धरले. म्हणाला, भाभी, भाईजानना कळलं तर त्यांचं काळीज फाटेल. ते आता कुठे सावरताहेत, सकाळी माझ्याशी बसून हसतात, ते तुम्हाला नकोय का? एवढा एक हंगाम जाऊ दे, मी सगळं जागेवर आणतो. मग उरूजचं लग्न आलं. मुलाकडच्यांना दुकानाचा नावलौकिक बघूनच सोयरीक हवी होती. त्यानंतर सांगायला गेलं तर इतके दिवस का नाही सांगितलं, हे आलं असतं. म्हणून राहिलं.

"दर शुक्रवारी माझ्या कानात फाया कोण ठेवत होतं?" त्यांनी विचारलं.

मुबीनाने सूप पुन्हा पुढे ओढलं. फाया तीच ठेवत होती.

त्या दिवसापासून वजाहतमियाँ बाहेरच्या खोलीत झोपू लागले.

इश्तियाक दिल्लीहून आला. माल खोटा होता हे तर कळलंच होतं. पण वजाहतमियाँच्या मनात त्याहून मोठं एक टोचत होतं, आणि ते त्यांना बघूनच घ्यायचं होतं. सकाळी नेहमीसारखे दोघे आतल्या खोलीत बसले. वजाहतमियाँनी एक शिशी पुढे केली आणि म्हणाले, कालच्या मालातली आहे, बघ. शिशीत औषधाच्या दुकानातून आणलेलं बिनवासाचं पातळ तेल होतं. फूल नाही, चंदन नाही, काहीच नाही.

इश्तियाकच्या एका हातात फोन होता. दिल्लीच्या कुणाला तरी तो उत्तर लिहीत होता. दुसऱ्या हाताने त्याने बूच काढलं, शिशी हवेत थोडी हलवली आणि म्हणाला, "वा. गुलाब आधी येतोय, भाईजान. मागे मधासारखं आहे. चंदन मात्र अजून वरच..." आणि मग वर बघितलं. वजाहतमियाँनी आज डोळे मिटले नव्हते.

इश्तियाकने फोन खाली ठेवला. शिशी नाकाशी नेली. मग ती हळूच चटईवर ठेवली.

 बाहेर मुख्तारच्या दुकानाची फळी उघडल्याचा आवाज आला. शेवटी इश्तियाकच बोलू लागला, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबेना. चंदनाचे दर कुठे गेलेत याची भाईजानना कल्पना नाही. खरा गुलाब निघतोय तो सगळा दुबईच्या एका माणसाला जातो, त्यावर घर चालतं, त्यावर उरूजचं लग्न झालं. इथे उरतात ते जुने लोक. त्यांना खरा माल द्यायचा तर दुकान विकावं लागेल.

"आणि त्यांना अत्तर नको असतं, भाईजान. त्यांना तुमचा शब्द हवा असतो. तो त्यांना मिळत होता. मी तुम्हाला गादीवरून उठू दिलं नाही. बाजार तुम्हाला अजून वजाहत गंधी म्हणतो, ते कुणामुळे?"

"बाजाराला माहीत आहे," वजाहतमियाँ म्हणाले.

"माहीत असू दे. कोण बोललं? त्यांच्या मागच्या खोल्यांत रसायनांचे काय डबे आहेत ते मला माहीत नाही का?" मग तो जरा थांबला, आणि पुढचं वाक्य त्याने खालच्या आवाजात म्हटलं, म्हणून ते जास्त लागलं. "आणि तुम्ही तरी काय करत होता? वास येत नव्हता, तरी शिशी छातीपुढे धरून मान डोलवत होतात. तो खोटेपणा नव्हता?"

 ते खरंच होतं. वजाहतमियाँना विचारायचं होतं ते दुसरंच, आणि ते विचारताना त्यांचा आवाज एखादी वस्तू मागितल्यासारखा झाला.

"तू वास घ्यायचास का? कधी तरी?"

इश्तियाकने मान खाली घातली. "पहिला हंगाम घेत होतो. खरंच घेत होतो. मग... काय ऐकलं की तुम्ही खूश होता, ते पाठ झालं."

वजाहतमियाँ उठले. चपला घालताना त्यांचा तोल गेला, इश्तियाकने हात पुढे केला, तो त्यांनी धरला नाही.

त्या शुक्रवारी नमाज झाल्यावर लोक पायऱ्यांवर जोडे घालत असताना ते एका बाजूला उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, की माझं नाक अपघातात गेलं; तेव्हापासून मी ज्याला ज्याला जे सांगितलं ते न कळता सांगितलं; माझ्या शब्दावर माल घेतला असेल त्याने मला माफ करावं. बोलायला त्यांना रात्रभर धीर गोळा करावा लागला होता. त्यांना वाटलं होतं लोक चमकतील. हबीबचाचांनी काठी सावरत त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"आम्हाला ठाऊक होतं रे. तुझ्या कानातला फायाच सांगत होता. पण तू स्वतः काढल्याशिवाय आम्ही विषय कसा काढायचा?"

दया म्हणून लोक गप्प बसले होते की सोय म्हणून, हे वजाहतमियाँना शेवटपर्यंत कळलं नाही. काहींना तर त्यांचाच राग आला. गंध्याने नाक गेल्याचं चव्हाट्यावर सांगायचं म्हणजे साऱ्या बिरादरीच्या मालावर संशय, असं मुख्तार उघड म्हणाला. त्यामुळे वाटणीला बसायची वेळ आली तेव्हा बाजार इश्तियाकच्या बाजूने झुकला. दुकान आणि कारखाना त्याच्याकडे राहिला. अब्बांच्या नावाची पाटीही तिथेच राहिली. वजाहतमियाँनी एवढंच मागितलं की आपलं नाव पाटीवरून पुसावं, आणि अब्बा तरुण असताना वापरायचे ती लहान डेग आणि तिचा भपका आपल्याला मिळावा. दोन्ही मिळालं. डेग हातगाडीवरून घरी आली तेव्हा इश्तियाक दुकानाच्या दारात उभा होता. त्याचे डोळे भरून आले होते, असं बघणारे सांगतात. वजाहतमियाँनी बघितलं नाही.

मग ते परत एकदा फर्रुखाबादला गेले. बेगमनी तसंच पेरूखाली बसवलं, तसंच सरबत दिलं. वजाहतमियाँनी अपघातापासून सगळं सांगितलं. इश्तियाकचं सांगितलं, मुबीनाचं सांगितलं.  शेवटी बेगमनी विचारलं, "म्हणजे त्या दिवशी मी शिशी पुढे ठेवली, तेव्हा तुम्हाला काहीच येत नव्हतं?"

"नाही."

"आणि तरी म्हणालात, चंदन छान बसलंय."

"हो."

"मग भावाचं पाप भावाकडे राहू द्या, वजाहतमियाँ. माझ्यापुरतं पाहिलं तर ते वाक्य तुमचं होतं." त्यांनी हे अगदी साधेपणाने म्हटलं. मग मुलीला हाक मारून झाडावरचे पेरू उतरवून घेतले आणि पिशवी त्यांच्या हातात दिली, कारण त्यांच्या घरातून कुणी रिकाम्या हाताने जात नसे. अत्तराचं मात्र काही बोलल्या नाहीत. त्यानंतर त्यांनी निरोपही पाठवला नाही. थंडीत त्या गेल्याचं कळलं, तेव्हा वजाहतमियाँ जनाज्याला गेले आणि मागच्या रांगेत उभे राहिले. कापूर लावला होता, असं लोक बोलत होते.

घरात बोलणं कामापुरतं उरलं होतं. उरूज माहेरी आली की दोघं तिच्यासमोर नीट बोलायची. ती गेली की पुन्हा आपापल्या खोलीत. मुबीनाने एकदा माफी मागायचा प्रयत्न केला. वजाहतमियाँ म्हणाले, माफ केलं. पण त्यांनी ते इतक्या लवकर म्हटलं, की तिला ते दार लावून घेतल्यासारखंच वाटलं.

पुढच्या हंगामात त्यांनी अंगणात चूल बांधली. पहाटे स्वतः मळ्यात जाऊन फुलं आणली, सायकलवर, जमतील तेवढी. डेगेत पाणी आणि फुलं भरली, झाकणाभोवतीची सांद कापूस आणि मातीने लिंपली, नळी बसवली, भपका पाण्याच्या टाकीत ठेवला. जाळ त्यांनी हातांनी सांभाळला. भपका तापला की पाणी बदललं, वाफ जोरात यायला लागली की डेगेवर ओलं फडकं टाकलं. हे सगळं त्यांना डोळे मिटूनही जमलं असतं. पण दुपार उलटत आली तेव्हा हातांनी समजेल असं काही उरलं नाही. आता कुणीतरी वास घेऊन सांगायला हवं होतं, चालू ठेवायचं की उतरवायचं.

गल्लीत नाकांची काय कमी होती? पण हाक कुणाला मारायची, ते त्यांना सुचेना. हबीबचाचा गप्प बसले होते, मुख्तार गप्प बसला होता. ते बराच वेळ चुलीपुढे उकिडवे बसून राहिले. मग त्यांनी स्वयंपाकघराकडे न बघता म्हटलं, "मुबीना, जरा इकडे ये."

ती ओले हात ओढणीला पुसत आली. भपक्याच्या तोंडाचं फडकं बाजूला केलं, वाकली, आणि वाकलेलीच राहिली. वजाहतमियाँ तिच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"जळकं येतंय," ती म्हणाली.

"नीट बघ."

"बघितलं. तळाला लागलंय. हे नाही चालायचं."

दिवसभराची फुलं होती ती. एवढ्या कष्टाची फुलं चांगली निघाली असं ऐकायला त्यांना किती हवं होतं, हे तिला दिसत नव्हतं असं नाही. वजाहतमियाँनी चुलीतली लाकडं ओढून काढली. डेग उतरवून दोघांनी मिळून नालीत ओतली. पाकळ्या तपकिरी पडल्या होत्या. उकळलेल्या पाकळ्या तशाही तपकिरीच पडतात. बघून काही कळण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा मळ्यात गेले. जाळ कमी ठेवला. दुपारी मुबीनाला हाक मारावी लागली नाही, वेळ झाल्यावर ती आपणच आली, वाकली, आणि थोड्या वेळाने म्हणाली, "आता ठीक आहे."

खरंच ना, असं त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण ती हो म्हणाली असती, तर त्या ‘हो’चं तरी काय करायचं होतं? त्यांनी जाळ काढला, भपका निवू दिला, आणि संध्याकाळी पाणी निथळून पहिली शिशी भरली. गिऱ्हाईक आलं की ते शिशी आता छातीपुढे धरत नाहीत. नुसती समोर ठेवतात आणि सांगतात, मला वास येत नाही, तुम्हीच बघा. काही लोक बघतात आणि घेतात. काही उठून इश्तियाकच्या दुकानात जातात.